जुन्या ॲम्बेसेडरसाठी इग्निशन मॉड्यूल: ॲनालॉग घ्यावे की डिजिटल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे १९८६ ची ॲम्बेसेडर मार्क फोर आहे. इंजिन मूळचे १४८९ सीसीचे पेट्रोल, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) सीबी पॉइंटचा, म्हणजे कॉइलचा करंट तोडणाऱ्या यांत्रिक संपर्कांचा. गाडी कोल्हापुरात असते आणि अधूनमधून पुण्याला जाते. पॉइंट वारंवार जळतात, इंजिन तापले की गाडी मिसिंग मारते आणि खंबाटकी घाट चढताना नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याची खडखड) ऐकू येते. एका गॅरेजने पॉइंट काढून ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याचा सल्ला दिला आहे, तर आपल्या परिचयातील एका माहीतगाराने लॅपटॉपवरून प्रोग्रॅम करता येणारे डिजिटल युनिट सुचवले आहे. पुढेमागे सीएनजी किट बसवण्याचाही आपला विचार आहे. अशा परिस्थितीत काय निवडावे?

उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. गाडी पेट्रोलवरच राहणार असेल, तर डिस्ट्रिब्युटर नीट दुरुस्त करून घ्यावा आणि त्यात ॲनालॉग मॉड्यूल बसवावे. डिजिटल युनिटवर होणारा जादा खर्च या गाडीत वसूल होणार नाही. सीएनजी खरोखरच बसवणार असाल आणि निम्म्याहून अधिक प्रवास गॅसवर होणार असेल, तर डिजिटल युनिट घ्यावे. मात्र त्यात इंजिनावरचा भार ओळखणारा प्रेशर सेन्सर आणि दोन इंधनांसाठी दोन स्वतंत्र टायमिंग मॅप (ठिणगी केव्हा पाडायची ते सांगणारे तक्ते) असलेच पाहिजेत. यांपैकी एक जरी नसेल, तरी केवळ वेष्टनावर डिजिटल लिहिले आहे म्हणून ते घेऊ नये.

आता आपल्या तक्रारींकडे वळू, कारण त्यांतील एकही तक्रार केवळ मॉड्यूल बदलून मुळापासून जाईल असे मला वाटत नाही.

पॉइंट वारंवार जळतात याचा अर्थ त्यांच्यातून जरुरीपेक्षा जास्त करंट जातो आहे किंवा कंडेन्सर निकामी झाला आहे. कंडेन्सर स्वस्त असतो, त्यामुळे तो सगळेच बदलून पाहतात. कॉइल, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवरून ठिणगीचे उच्च व्होल्टेज बनवणारा भाग, मात्र कोणी मोजत नाही. मल्टिमीटर घेऊन, कॉइलच्या दोन्ही बारीक वायर सोडवून, प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्याचा, रेझिस्टन्स मोजावा. साध्या, बॅलास्टविना (करंट कमी करणाऱ्या जोड रेझिस्टरविना) चालणाऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास असतो. गाडी चालू असताना मिळणाऱ्या १४ व्होल्टला त्यातून साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि तेवढा पॉइंट सहन करतात. बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल दीड ओहमची असते. दिसायला दोन्ही कॉइल सारख्याच, ब्रॅकेटही सारखीच, त्यामुळे घाईत दुकानातून दीड ओहमची कॉइल आणून रेझिस्टर न लावता थेट जोडली जाते आणि करंट दुप्पट होतो. मग पॉइंट जळणारच. उद्या त्याच कॉइलवर साधे ॲनालॉग मॉड्यूल जोडले, तर आज पॉइंट जळत आहेत त्या जागी मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर जळेल, आणि दोष मात्र मॉड्यूलच्या माथी मारला जाईल. जुन्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन टिकत नाही असा जो समज आहे, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अशी न मोजलेली कॉइल असते.

इंजिन तापल्यावर मिसिंग मारणे हेही याच दोषाशी जुळते. जादा करंटने तापलेल्या कॉइलचे आतले इन्सुलेशन कमजोर होते आणि ती गरम असतानाच दगा देते. घाटातल्या नॉकिंगचे कारण मात्र बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या पोटात आहे, आणि तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

कोणत्याही इग्निशनला दोन कामे करावी लागतात: पुरेशा ताकदीची ठिणगी पाडणे आणि ती योग्य क्षणी पाडणे. आपण ज्याला ॲनालॉग मॉड्यूल म्हणतो ते फक्त पहिल्या कामाचा भार उचलते. पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर, मॅग्नेटिक पिकअप किंवा प्रकाशाचा सेन्सर येतो आणि कॉइलचा करंट ट्रान्झिस्टर तोडतो. परंतु ठिणगी केव्हा पडावी हे पूर्वीप्रमाणेच डिस्ट्रिब्युटरमधली वजने, स्प्रिंगा आणि व्हॅक्युम डायफ्रॅम ठरवतात. डिजिटल युनिट दुसरे कामही स्वतःकडे घेते. त्यातला प्रोसेसर इंजिनाचा वेग मोजतो, चांगले युनिट असेल तर मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळातला) दाबही मोजतो, आणि मेमरीतल्या तक्त्यावरून ॲडव्हान्सचा अंश, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची ते, ठरवतो. याला अपवाद आहेत. १९७६ मध्ये क्रायस्लरने आपल्या लीन बर्न पद्धतीत टायमिंग ठरवण्यासाठी ॲनालॉग संगणक वापरला होता, आणि त्यानंतर वर्षभरातच जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनॅडोमध्ये मायक्रोप्रोसेसरवर चालणारे टायमिंग आणले. आज बाजारात मिळणाऱ्या सुट्या मॉड्यूलपुरता मात्र मी वर सांगितलेला फरक धरून चालायला हरकत नाही. विक्रेत्याला एवढेच विचारावे, की हे बसवल्यावर माझ्या डिस्ट्रिब्युटरमधली वजने काम करत राहणार की ती जाम करावी लागणार? या एका उत्तरातून वस्तू कोणत्या जातीची आहे ते कळते.

ठिणगीच्या ताकदीबद्दल जाहिरातींत पुष्कळ सांगितले जाते, म्हणून साधा हिशेब मांडतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या पडतात. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या होतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद मिळतात. आपल्या लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये शाफ्टच्या ९० अंशांपैकी सुमारे ६० अंश पॉइंट मिटलेले असतात, म्हणून कॉइल भरायला साडेसहा मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. ३ ओहम आणि ८ मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये तेवढ्या वेळात करंट आपल्या कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांपलीकडे पोहोचतो. ४५०० आरपीएमलाही, जिथे ही गाडी क्वचितच जाते, तो ८० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे कमी वेगाने फिरणाऱ्या, कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला निरोगी पॉइंटची ठिणगी पुरते. पॉइंटचा खरा दोष वेगळा आहे. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, त्यामुळे फट कमी होत जाते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग हळूहळू मागे पडते. फिलर गेज लावून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवली, तरी काही हजार किलोमीटरनंतर ती तेवढी राहत नाही. ॲनालॉग मॉड्यूलमध्ये घासणारा भागच नसतो, म्हणून आज लावलेले टायमिंग तसेच टिकते. या गाडीसाठी मॉड्यूल घेण्याचे खरे कारण हेच. जास्त वेग किंवा जास्त ताकद मिळेल या अपेक्षेने ते घेऊ नये.

त्यासोबत कॉइल कोणती चालेल हे मॉड्यूलवर अवलंबून आहे. काही ॲनालॉग मॉड्यूल केवळ स्विचचे काम करतात; त्यांना ३ ओहमचीच कॉइल लावावी, आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नये, कारण अनेक मॉड्यूलमध्ये त्या स्थितीत कॉइलमधून सतत करंट वाहत राहतो. ज्यांच्यात करंट मर्यादित ठेवण्याची आणि ड्वेल (कॉइल भरण्याचा काळ) आपोआप बदलण्याची सोय असते, त्यांनाच एक ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्सची कॉइल लावता येते. अशी कॉइल साध्या स्विचवर लावली, तर १४ व्होल्टला २० अँपिअरच्या आसपास करंट जाऊ पाहतो आणि काही मिनिटांत वास येऊ लागतो.

आता डिस्ट्रिब्युटर. कॅप काढून रोटरखालचा शाफ्ट बोटांत धरावा आणि आडवा हलवून पाहावा. खुळखुळ जाणवली, तर आतली बुश गेली आहे असे समजावे. शाफ्ट डुलत असेल, तर चारही सिलिंडरांची ठिणगी वेगवेगळ्या अंशांवर पडते, आणि त्यावर कितीही महाग पिकअप बसवला तरी तोही त्याच डुलणाऱ्या शाफ्टवरून वाचन घेणार. मग रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोराने लगेच मागे यायला हवा. अडखळत आला किंवा आलाच नाही, तर वजनांच्या खिळ्यांवर जुने ग्रीस वाळून बसले आहे किंवा एखादी स्प्रिंग ताणली गेली आहे, तुटली आहे. स्प्रिंग सैल पडली की ॲडव्हान्स फार लवकर येतो: इंजिन १५००–१८०० आरपीएमवर, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, गिअर तिसरा, आणि ठिणगी मात्र ३००० आरपीएमला शोभेल इतकी आधी. खंबाटकीत आपल्याला ऐकू येणारी खडखड बहुधा हीच आहे. शेवटी व्हॅक्युमची बारीक नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढून पाहावी. आतली प्लेट सरकायला हवी आणि ओढ धरून ठेवली तर तशीच राहायला हवी. प्लेट परत आली, तर डायफ्रॅम फाटला आहे.

या तीन तपासण्यांना अर्धा तास पुरतो, पण त्या केल्याशिवाय मॉड्यूल निवडणे व्यर्थ आहे. बुश नवी घालून देणारे कारागीर लेथ असलेल्या वर्कशॉपमध्ये मिळतात. आपल्या गाडीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले आहे आणि एमजीए, एमजीबी यांसारख्या गाड्यांतही त्याच घराण्याची इंजिने होती. त्यामुळे लुकासच्या त्या काळच्या डिस्ट्रिब्युटरची स्प्रिंगसह बरीचशी दुरुस्ती सामग्री आजही जगभर बनते, तसेच त्यांत थेट बसणारी हॉल आणि ऑप्टिकल मॉड्यूलही मिळतात. आपल्या डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर कोरलेला नंबर मात्र टिपून घ्यावा आणि तो पाहूनच मॉड्यूल मागवावे, कारण एकाच मॉडेलच्या गाड्यांवर निरनिराळ्या प्रकारचे डिस्ट्रिब्युटर सापडतात. १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश रचनेच्या कित्येक गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असे. आपल्या गाडीला तो प्रश्न नसावा, तरीही बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते डोळ्यांनी पाहूनच मॉड्यूलच्या वायर जोडाव्यात.

डिजिटल युनिटची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण त्याची ताकद खरी आहे. वजने आणि स्प्रिंगा फक्त एक-दोन सरळ रेषांचाच आलेख काढू शकतात: वेग वाढला की ॲडव्हान्स वाढला. इंजिनाला हवा असतो तो याहून वाकडातिकडा आलेख. आयडलला स्थिर, घाटात जड भाराखाली थोडा मागे, सपाट रस्त्यावर हलक्या थ्रॉटलला पुष्कळ पुढे. डिजिटल मॅपमध्ये हे सगळे मनासारखे लिहिता येते, हवे तेव्हा बदलता येते आणि कोणतीही स्प्रिंग सैल पडत नाही. कॅमशाफ्ट बदललेले, कॉम्प्रेशन वाढवलेले किंवा दोन इंधनांवर चालणारे इंजिन असेल, तर मी निःसंशय डिजिटलच सुचवीन.

परंतु स्वस्त डिजिटल युनिटमध्ये एक मोठी उणीव असते, आणि तिच्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत. त्यांना फक्त इंजिनाचा वेग कळतो, भार कळत नाही. हलक्या थ्रॉटलला सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ असते, ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी आणखी १० ते १५ अंश आधी पडावी लागते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम व्हॅक्युम डायफ्रॅम करतो. केवळ वेगावर चालणारे डिजिटल युनिट बसवले आणि डिस्ट्रिब्युटरची प्लेट जाम केली, की ही सोय संपते. गाडी चालते, जोरही बरा वाटतो, पण सातारा–कराडच्या सपाटीवर साठच्या वेगाने जाताना पेट्रोल जास्त पिते आणि इंजिन तापलेले राहते. म्हणजे जास्त पैसे मोजून आपण चाळीस वर्षांपूर्वीच्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा उणे यंत्र घेतलेले असते. प्रेशर सेन्सर असलेले युनिट घेतले, तर त्याची नळी थेट मॅनिफोल्डला जोडावी. डिस्ट्रिब्युटरसाठी कार्ब्युरेटरवर दिलेल्या छिद्राला जोडू नये. ते छिद्र थ्रॉटलच्या वरच्या बाजूला असल्याने आयडलला तेथे व्हॅक्युम जवळजवळ नसतो. मग इंजिन मोकळे असताना ते पूर्ण भाराखाली आहे असा युनिटचा गैरसमज होतो आणि आयडल कधीच नीट बसत नाही.

दुसरी अडचण रोटरची आहे आणि ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. मूळ रचनेत वजने कॅमला पुढे सरकवतात तेव्हा रोटरही कॅमसोबतच सरकतो, त्यामुळे ठिणगी पडताना रोटरचे टोक कॅपमधल्या पितळी टर्मिनलच्या समोरच असते. डिस्ट्रिब्युटर जाम करून टायमिंग युनिटकडे दिले, की रोटर क्रँकशी पक्का बांधला जातो आणि ठिणगी मात्र पुढेमागे होत राहते. आयडलला १० अंश आणि सपाटीवर ४० अंश ॲडव्हान्स धरला, तर क्रँकच्या ३० अंशांचा फरक म्हणजे रोटरचे १५ अंश. तेवढ्यात रोटरचे टोक टर्मिनलपासून दूर जाते, ठिणगीला हवेतली मोठी फट ओलांडावी लागते आणि पावसाळी दमट हवेत ती कधीकधी शेजारच्या टर्मिनलवर उडी मारते. याची तपासणी सोपी आहे. एखादी टाकाऊ कॅप घ्यावी, एक नंबरच्या टर्मिनलशेजारी तिला बोटभर छिद्र पाडावे, ती बसवून इंजिन चालू करावे आणि टायमिंग लाइट (ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा) त्या छिद्रातून आत मारावा. रोटर जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. आयडलला आणि ३००० आरपीएमला त्याचे टोक टर्मिनलपासून किती सरकते ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. दोन्ही स्थितींत टोक टर्मिनलच्या समोर थोडेतरी यायला हवे. येत नसेल, तर रोटरचा कोन बदलावा लागतो किंवा रुंद टोकाचा रोटर बसवावा लागतो. हे काम न करता दिलेले डिजिटल फिटिंग अर्धवट समजावे. क्रँक पुलीवर दात्यांची चकती आणि दोन कॉइलचा संच बसवून डिस्ट्रिब्युटरच काढून टाकला, तर हा प्रश्न उरत नाही, पण मग ते काम पुलीच्या यंत्रकामापर्यंत जाते.

दात्यांच्या चकतीचा आणखी एक फायदा आहे. डिस्ट्रिब्युटरमधून क्रँकच्या दर १८० अंशांना एकच सिग्नल मिळत असेल, तर युनिटला पुढच्या ठिणगीची वेळ मागच्या अंतरावरून अंदाजाने काढावी लागते. १५०० आरपीएमला हे अंतर २० मिलिसेकंदांचे असते. आपण ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन सेकंदाला २५०० आरपीएमने वेग घेऊ लागले, तर तेवढ्या काळात वेग ५० आरपीएमने, म्हणजे ३ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. सिग्नलनंतर ३० अंश थांबून ठिणगी पाडायची असेल, तर ती सुमारे एक अंश उशिरा पडते. ॲम्बेसेडरला एका अंशाने काही होत नाही, हे मान्य. पण सेल्फ मारताना प्रत्येक कॉम्प्रेशनला क्रँक अडखळत फिरतो आणि तेव्हा हा अंदाज पार चुकू शकतो. म्हणून चांगली युनिट सेल्फच्या वेळी गणित बाजूला ठेवून ठरावीक अंशावर ठिणगी पाडतात. हे वैशिष्ट्य युनिटच्या माहितीपत्रकात आहे की नाही ते पाहून घ्यावे.

आता सीएनजीबद्दल, कारण आपल्या निर्णयाचे पारडे त्यावरच झुकणार आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याची ज्योत पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा सावकाश पसरते आणि त्याची नॉकिंग सहन करण्याची क्षमता पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून मधल्या वेगाला ठिणगी साधारण ५ ते १० अंश आधी पाडली, तर गॅसवर गमावलेला बराच जोर परत मिळतो. त्याच टायमिंगवर घाटात पेट्रोल चालवले, तर मात्र नॉकिंग होते. एकाच स्प्रिंगच्या जोडीला दोन्ही इंधनांचे समाधान करता येत नाही. ॲनालॉग मॉड्यूल लावले तरी मेकॅनिक कुठेतरी मधला मार्ग काढतो आणि गाडी दोन्ही इंधनांवर थोडी थोडी मरगळते. इंधनाच्या स्विचवरून मॅप बदलणारे डिजिटल युनिट येथे आपली किंमत पूर्णपणे वसूल करून देते. फक्त गॅसवर टायमिंग पुढे ढकलणारी छोटी युनिटही सीएनजीवाल्यांकडे मिळतात, पण त्यांपैकी पुष्कळशी नवीन गाड्यांच्या क्रँक सेन्सरसाठी असतात. आपल्या डिस्ट्रिब्युटरशी ती जुळतात का, हे लेखी विचारून घ्यावे.

सीएनजीला ठिणगीसाठी प्लगवर जास्त व्होल्टेजही लागते. पेट्रोलवर निमूट चालणारी चिरलेली कॅप किंवा कमजोर एचटी वायर (प्लगकडे उच्च व्होल्टेज नेणारी) गॅसवर लगेच मिसिंग दाखवते, आणि मिक्सर पद्धतीच्या (गॅस हवेत इनटेकपाशीच मिसळणाऱ्या) किटमध्ये ती केवळ मिसिंगपुरती थांबत नाही. न जळलेले मिश्रण इनटेकमध्ये पेटून एअर फिल्टरचा डबा फुटतो. म्हणून गॅस बसवण्याआधी कॅप, रोटर, वायर आणि प्लग नवे घालावेत आणि प्लगची फट थोडी कमी ठेवावी. किट मान्यताप्राप्त असावे आणि त्याची आरसीवर नोंद व्हावी, हे वेगळे सांगायला नको.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यामुळे नॉकिंगच्या दृष्टीने ते या इंजिनाला बाधत नाही. पण जेट (इंधन मापून सोडणारे छिद्र) तेच ठेवले, तर कार्ब्युरेटरचे मिश्रण काही टक्क्यांनी विरळ होते आणि गाडी थंड असताना अडखळते. हा अडखळा इग्निशनचा समजून मॉड्यूल बदलत बसू नये. तो जेट आणि चोक पाहून दूर होतो.

फिटिंगचे नियम दोन्ही प्रकारांना सारखेच आहेत, पण डिजिटल युनिट त्यांत हयगय खपवून घेत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज ९–१० पर्यंत खाली येते, जुन्या वायरिंगमध्ये इग्निशन स्विचपर्यंत पोहोचेपर्यंत आणखी एखादा व्होल्ट गळतो, आणि प्रोसेसर त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो. गाडी सेल्फ सोडताच घेते पण सेल्फवर घेत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच घडत असते. युनिटला रिलेमधून थेट बॅटरीचा पुरवठा द्यावा आणि अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडून, द्यावे. तांब्याच्या तारेच्या जुन्या एचटी वायर डिजिटल युनिटसोबत अजिबात ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या विद्युत गोंधळाने प्रोसेसर मोजणी चुकतो. रेझिस्टन्स असलेल्या वायर आणि रेझिस्टर प्लग वापरावेत. मॉड्यूल एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला, बॉडीच्या पत्र्यावर, खाली थर्मल पेस्ट लावून बसवावे, आणि जोडण्या पावसाचे पाणी ओघळणार नाही अशा तोंडाने ठेवाव्यात.

रस्त्यात बंद पडण्याचा विचारही निवडीत धरावा. ॲनालॉग मॉड्यूल गेले, तर डिस्ट्रिब्युटर मूळचाच असल्याने जुनी पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर परत बसवून गाडी चालू करता येते. हे काम कोणत्याही तालुक्याच्या गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो. मात्र यासाठी कॉइल ३ ओहमचीच ठेवलेली असली पाहिजे. जाम केलेल्या डिस्ट्रिब्युटरवर डिजिटल युनिट गेले, तर गाडी टो करावी लागते किंवा दुसरे युनिट जवळ बाळगावे लागते. शिवाय आपली गाडी २०३६ मध्ये पन्नास वर्षांची होईल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी इंजिन, चासिस आणि बॉडी यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. म्हणून जो कोणता बदल कराल तो उलटवता येण्याजोगा ठेवा आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, नाव लिहून ठेवा.

काम करण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम कॉइल मोजावी. मग डिस्ट्रिब्युटर उघडून बुश, स्प्रिंगा आणि डायफ्रॅम दुरुस्त करून घ्यावेत, आणि महिनाभर गाडी नव्या पॉइंटवरच चालवून पाहावी. तीनही तक्रारी एवढ्यावरच गेल्या, तर मॉड्यूलची निवड घाई न करता करता येईल. त्यानंतर सीएनजीचा निर्णय पक्का करावा आणि मगच मॉड्यूल मागवावे. मॉड्यूल बसल्यावर व्हॅक्युमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारावा आणि इंजिन आयडलपासून ३००० आरपीएमपर्यंत हळूहळू न्यावे. खूण एकसारखी सरकायला हवी. ती दोन-दोन दिसली किंवा थरथरली, तर बुश किंवा टायमिंग चेन अजून सैल आहे. शेवटची चाचणी खंबाटकीत घ्यावी: चार माणसे बसवून, इंजिन पूर्ण तापलेले असताना, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून. खडखड ऐकू आली, तर ॲनालॉग असल्यास डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग दोन अंश मागे घ्यावे; डिजिटल असल्यास सगळा मॅप मागे न ओढता फक्त पूर्ण भाराच्या, १५०० ते २५०० आरपीएमच्या रकान्यांतले आकडे दोन-दोन अंशांनी कमी करावेत आणि तोच चढ पुन्हा चढून पाहावा.